कडं घातलेल्या तुती

ओबडाया पेनरोज मरायला टेकला तेव्हा त्याच्या उशाशी बसून मी त्याला रम पाजत होते. जॉर्जियात रमला बंदी होती. पण बंदी घालणारे, ही वसाहत चालवणारे विश्वस्त लंडनला बसले होते आणि ताप आम्हाला येत होता. नदीपलीकडच्या कॅरोलिनातून माझ्याकडे व्हिनेगरच्या नावाखाली गुपचूप पिंप यायचं, आणि आमच्या कोल्डवेल गावातल्या एकाही माणसाने मला कधी विचारलं नाही की डॅमरिस, एवढ्या व्हिनेगरचं तू करतेस तरी काय.

"अजून एक घोट," ओबडाया म्हणाला.

"पुरे. वर जाऊन देवासमोर झिंगत उभा राहणार आहेस का?"

"सांगेन त्याला, डॅमरिसने पाजली."

"खुशाल सांग. तो काही विश्वस्तांच्या पगारावर नाही."

तो हसला आणि हसताहसता खोकत सुटला. त्याची बायको हेस्टर कोपऱ्यात बसून त्याचा शर्ट शिवत होती. तो शर्ट आता त्याला पुरतानाच लागणार होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. उघड्या दारातून त्यांची मुलगी थॉमसिन दिसत होती. ती तुतीच्या रांगांमधून फिरत होती. झाडांच्या बुंध्यांना पाइनच्या सुयांचा पाचोळा गुडघाभर रचलेला होता.

"हेस्टर," ओबडाया एकदम म्हणाला, "ती पाचोळा तर उकरत नाहीये ना?"

"नाही हो. नुसती बघतेय."

मला वाटलं, तापात बरळतोय. आत आली तेव्हा थॉमसिन माझ्या कानाशी लागली. "मावशी, पाहिलंस? मी रेशमाच्या किड्यांची अंडी आणायला सव्हानाला गेले होते ना, तेवढ्यात बाबाने सगळ्या झाडांना पाचोळा घातला. उभं राहवत नव्हतं त्याला, तरी एकेका झाडाशी बसून घातला. थंडी लागू नये म्हणून." तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

ही झाडं म्हणजे थॉमसिनचा जीव होता. जहाजातून उतरलो तेव्हा ती परकरी पोर होती. ओबडाया लंडनमध्ये केसांचे टोप करायचा. त्याला कुऱ्हाडीची कोणती बाजू धरायची इथपासून शिकावं लागलं. विश्वस्तांच्या डोक्यात एकच खूळ होतं, की जॉर्जिया रेशीम पिकवील आणि इंग्लंडच्या बायका ते नेसतील. म्हणून ज्याला पन्नास एकर मिळाले त्याने शंभर तरी पांढऱ्या तुती लावल्याच पाहिजेत, असा नियम. बहुतेकांनी काड्या खोचल्या आणि विसरले. पलीकडे कॅरोलिनात गुलाम राबतात, आमच्याकडे त्यालाही बंदी, त्यामुळे गावातले निम्मे पुरुष त्या बंदीला शिव्या देत सावलीत बसायचे. मला विचाराल तर स्वतःच्या हाताला घट्टे पडतात, एवढंच त्यांचं दुःख होतं. थॉमसिनने मात्र नदीवरून घागरी वाहून ती रोपं जगवली. हरणं येऊ नयेत म्हणून उन्हाळाभर त्यांच्यात झोपली. पेनरोजांच्या तुती कमरेएवढ्या, मग डोक्याएवढ्या, मग घराच्या पाख्याएवढ्या झाल्या, आणि अख्ख्या कोल्डवेलमध्ये तेवढ्याच राहिल्या.

आणि त्या तिच्या नव्हत्या. आमच्याकडे जमीन बापाकडून फक्त मुलाकडे जाते. मुलगा नसला तर ती विश्वस्तांकडे परत, मग ते ती दुसऱ्या कुणा पुरुषाला देणार. दक्षिणेला स्पॅनिश लोक टपून बसलेत, म्हणून दर पन्नास एकरांमागे बंदूक धरणारा एक पुरुष हवा, असा हिशेब. माझा नवरा पहिल्याच उन्हाळ्यात गेला तेव्हा माझा नॅथॅनियल आठ वर्षांचा होता. नाकातला शेंबूड पुसता येत नव्हता, पण पन्नास एकरांचा मालक झाला. हेस्टरला चार मुलगे झाले होते. दोन लंडनला पुरले, एक समुद्रात सोडला, एक इथे पुरला. उरली ती थॉमसिन, आणि तिला बंदूक माझ्या नॅथॅनियलपेक्षा चांगली चालवता यायची. पण ते कोण विचारतो!

ओबडाया दुसऱ्या दिवशी गेला.

पुरून आठवडा झाला नाही तोच सव्हानाहून लडलो साहेब आला. विश्वस्तांचा इकडचा अंमलदार. वाईट माणूस नव्हता, पण नियम वाचून दाखवताना त्याच्या आवाजात एक प्रकारचा आनंद येई. त्याने सांगितलं की हेस्टरला हयातभर घरात राहता येईल, परसातला तुकडा कसता येईल. बाकी जमीन पर्किस नावाच्या माणसाला मिळेल, तो पुढच्या थंडीत जहाजाने यायचा आहे.

"आणि झाडं?" थॉमसिनने विचारलं.

"झाडं जमिनीबरोबर."

"ती मी लावलीत, साहेब."

"छान लावलीस. पर्किसला मी तसं आवर्जून सांगेन."

 सव्हानाच्या इटालियन बाईकडून आणलेली अंडी थॉमसिनने खोक्यात ठेवून दिली. ही बाई विश्वस्तांनी रेशीम शिकवायला आणली होती आणि शिकवायच्या नावाने शंख. आपली विद्या दुसऱ्याला दिली तर आपल्याला कोण पोसणार, ही तिची रास्त भीती. तुम्ही काही विचारलंत की ती दोन्ही खांदे उडवायची आणि आपल्या भाषेत पुटपुटायची.

मार्चमध्ये जहाज आलं. त्यातून आलेला हुकूम लडलो साहेबाने कोल्डवेलच्या विहिरीपाशी उभं राहून वाचला. आम्ही दहा-बारा माणसं जमलो होतो. विश्वस्तांना दया आली होती. यापुढे मुलगा नसेल तर जमीन मुलीला मिळेल, आणि यंदा ज्यांचे बाप गेले त्यांनाही हे लागू. अट एकच. त्या जमिनीवर शंभर तुती उभ्या आणि जिवंत असल्या पाहिजेत. मे अखेरीस तो स्वतः येऊन मोजील.

थॉमसिनला आधी समजलंच नाही. तिने मला विचारलं, "मावशी, मुलगी म्हणजे मी ना?" मग तिने लडलो साहेबाचाच हात धरला आणि त्याला विहिरीभोवती एक फेरा घालायला लावला. गावातल्या आळशांची तोंडं बघण्यासारखी झाली, कारण शंभर तुती कुणाच्या परसात होत्या? फक्त तिच्या. मीही त्या दिवशी सगळ्यांना फुकट व्हिनेगर पाजलं.

हेस्टर मात्र चिखलात बसली होती. मी तिला आनंदाने उठवायला गेले, तर तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

"डॅमरिस, मला तुझ्या गोठ्यात ने. इथे नको."

गोठ्यात तिने सांगितलं. थॉमसिन सव्हानाला गेली त्या आठवड्यात ओबडायाने प्रत्येक तुतीला कडं घातलं होतं.

कडं घालणं आम्हाला सगळ्यांना येतं. त्याशिवाय जॉर्जियात शेत करताच येत नाही. एवढाले पाइन तोडत बसलं तर जन्म जाईल. म्हणून बुंध्याभोवती हातभर रुंदीची साल सोलायची, आतलं ओलं लाकूडही कुऱ्हाडीने खणून काढायचं, आणि सोडून द्यायचं. झाड उभंच असतं. काही दिवस हिरवंही राहतं. पण वर जाणारं पाणी तुटलेलं असतं, आणि ते उभ्या उभ्या मरतं. ओबडाया इथे आल्यावर जी काही दोन-चार कामं नीट शिकला, त्यातलं हे एक.

"का?" मी ओरडले. "अगं, का?"

"म्हणाला, माझ्या पोरीने पाणी घातलेली झाडं कुणी उपटसुंभ येऊन खाणार? नाही खाऊ देणार. पाचोळ्याखाली झाकलं म्हणजे त्या नव्या माणसाला वाटेल, आली आपल्या हाती. आणि मग वाळतील त्याच्या डोळ्यांदेखत." हेस्टर रडत नव्हती. "हळू काम चाललं होतं त्याचं. पाच झाडं झाली की झोपायचा. मी पाचोळा आणून देत होते. मला वाटलं, जाऊ दे, मरणाऱ्याची एक इच्छा."

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हा. पण इथे नाक तरी स्वतःचं कुठे होतं? पोरीचं होतं. मी ओबडायाला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. मेलेल्याला शिव्या देऊ नयेत, पण काही माणसं मरूनही ऐकायला बांधील असतात.

"आजच्या आज सांग तिला," मी म्हटलं. "अंडी उबवायच्या आत सांग."

"आणि काय सांगू? की तुझ्या बाबाने पाचोळा थंडीसाठी नव्हता घातला?"

 हेस्टर म्हणाली, मी काहीतरी करते. मला थोडे दिवस दे.

तिने केलं ते असं. थॉमसिन परसात नसली की ती एकेका झाडाशी जाई, पाचोळा बाजूला करी, कड्यावर ओली चिकणमाती आणि शेण थापी आणि वर कापड गुंडाळी. तिचा निळ्या चौकड्यांचा लंडनचा परकर त्यात गेला, अंथरूण गेलं, ओबडायाचे शर्ट गेले. पोरीला सांगितलं, मुंग्या चढू नयेत म्हणून बांधतेय. पोरीने आईचा मुका घेतला.

एप्रिल लागायच्या आतच तुतींना पानं फुटली. खोडात साठलेल्या पाण्यावर झाड एकदा फुटतंच, पण ती कोवळी, चकचकीत पानं बघून हेस्टरला वाटलं, देव पावला. मलाही क्षणभर वाटलं. थॉमसिनने अंड्यांची पुरचुंडी चोळीत, अंगाच्या उबेत ठेवली. रेशीम करणाऱ्या बायका तशीच उबवतात. त्या दिवसांत ती धावत नसे, मोठ्याने हसत नसे, पालथी झोपत नसे. एका सकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि पुरचुंडी उघडून दाखवली. काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे वळवळत होते.

"मालकीणबाई," मी म्हटलं.

"अजून नाही गं मावशी. मे अखेरीस म्हण."

अळ्या वाढल्या. त्यांनी एकदा कात टाकली, दुसऱ्यांदा टाकली. पेनरोजांच्या घरात पाऊल ठेवलं की त्यांच्या खाण्याचा आवाज यायचा, बारीक पाऊस पडत असल्यासारखा. तिसरी कात टाकून त्या जाग्या झाल्या. आता त्यांना रात्रंदिवस पान लागणार होतं. नेमकं तेव्हाच ऊन तापलं आणि दुपारी तुतींची पानं खाली लोंबू लागली. थॉमसिनने पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी ती कडेने पिवळी पडली. तिने अजून पाणी घातलं. घागरीमागून घागर. हेस्टर दारात उभी राहून ते पाहत होती.

शेवटी मीच गेले. "पोरी, घागर खाली ठेव. पाणी वर चढत नाहीये."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग ती जवळच्या झाडाशी गुडघ्यांवर बसली, पाचोळा सारला आणि कापड सोडलं. वाळलेली माती गळून पडली. कुऱ्हाडीचे घाव किती व्यवस्थित होते! टोप करणाऱ्याचा हात तो.

"मुंग्यांसाठी?" ती आईला म्हणाली.

हेस्टरने सगळं सांगितलं. थॉमसिनने ते बसल्या जागीच ऐकलं. मग तिने त्या कड्यावरून बोट फिरवलं.

"मला एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली. "मला चाललं असतं. दुसऱ्याच्या हातात का होईना, जगली असती. मी कुंपणावरून बघितली असती."

आम्ही जंगलात जाऊन रानतुतीची पानं शोधली. सॅलडची पानं घातली. अळ्यांनी थोडी खाल्ली आणि त्या मऊ पडत गेल्या. मग वास सुटला. थॉमसिनने अळ्यांची ताटंच्या ताटं नदीत नेऊन रिकामी केली.

मग लडलो साहेब यायची वेळ आली. आता खोटेपणात माझा हात धरणारा कोल्डवेलमध्ये कुणी नाही. मी म्हटलं, "थॉमसिन, ऐक. रेशमाच्या दिवसांत तुती ओरबाडलेल्याच असतात. उरलीसुरली सुकी पानं काढून टाकू. साहेबाला सांग, अळ्यांना घातली. लंडनचा माणूस, त्याला काय कळतंय! कागद एकदा तुझ्या नावाचा झाला की पुढच्या वर्षी नवी लाव."

तिने मान हलवली. हेस्टर, ती आणि मी, तिघींनी मिळून झाडं ओकीबोकी केली आणि पाचोळा पुन्हा नीट रचला.

लडलो साहेब सकाळीच आला. घामाने भिजला होता, त्यामुळे घाईत होता. "पानं कुठेत?"

"अळ्यांनी खाल्ली, साहेब," थॉमसिन म्हणाली. पहिल्यांदाच खोटं बोलत होती, पण आवाज स्थिर होता.

"वा! तुझ्यासारखे चार असते तर आज जॉर्जिया कुठे असतं!" तो रांगेतून मोजत चालला. काठीने एकेका झाडाला स्पर्श करी आणि पुढे जाई. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी चांगल्यातलं पिंप उघडलं होतं. शंभर पुरे झाले. तो वळला, आणि वळताना थांबला.

शेवटच्या रांगेत माझ्याच कोंबड्यांनी पाचोळा उकरला होता. किडे शोधायची त्यांची सवय. तिथून निळ्या चौकड्यांच्या कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं.

"हे काय?"

"मुंग्यांसाठी," हेस्टर पुटपुटली.

त्याने काठीने टोक ओढलं. मातीसकट कापड सुटून आलं. साहेब लंडनचा होता खरा, पण जॉर्जियात येऊन त्याला सात वर्षं झाली होती. कडं त्याला ओळखू आलं. तो दुसऱ्या झाडाशी गेला, तिसऱ्या झाडाशी गेला. मग त्याने टोपी काढून घाम पुसला.

"कोणी केलं हे?" आता त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "ओबडायाने? आजारी माणूस एकटा एवढं करणं शक्य नाही. घरातलं कुणीतरी सामील असणार. विश्वस्तांच्या झाडांचा असा नाश करणाऱ्याला मला या घरात एक दिवससुद्धा ठेवता येणार नाही, हे समजून उत्तर द्या."

हेस्टरचं तोंड उघडं होतं. मी तिच्याकडे बघत होते. बोल, मी मनात म्हणत होते, बाई, आता तरी बोल. पण तिच्या पायाखाली होतं नव्हतं ते हेच घर होतं, आणि परसात नवरा आणि एक मुलगा पुरलेला होता.

"मी केलं," थॉमसिन म्हणाली. "जमीन दुसऱ्याला जाणार कळलं तेव्हा. आईला ठाऊक नव्हतं. पुढे हुकूम आला, तेव्हा मीच कापडं बांधली."

मी पुढे सरले, पण तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट उभी राहिले. हेस्टरचं तोंड हळूहळू मिटलं.

जून उजाडायच्या आत थॉमसिन नावेतून कॅरोलिनात गेली, कुणाच्या तरी मळ्यावर शिवणकाम आणि मुलं सांभाळायला. आईच्या पाया पडली नाही, रागही दाखवला नाही. मला मात्र म्हणाली, "पर्किस आला की त्याला म्हणावं, झाडं लगेच तोडून जाळ. अशी उभी ठेवू नको. मला ती उभी आहेत असं वाटलं तर झोप यायची नाही."

पर्किस आला. बरा माणूस निघाला, जाडसर, हसरा, दोन मुलांचा बाप. त्याने त्या थंडीत सगळ्या तुती जमिनीलगत तोडल्या आणि शेकोटीला जाळल्या. त्याचं बिऱ्हाड त्याच घरात आलं, आणि हेस्टर भिंतीच्या अलीकडच्या खोलीत राहायची. ती ऊब तिलाही मिळायची.

आणि मार्चमध्ये बुंधे फुटले. प्रत्येक बुंध्यातून, जिथे कडं होतं त्याच्याही खालून, बोटाएवढे जाड पाच-सहा धुमारे. महिन्याभरात ते माझ्या खांद्याला लागले. पानं तर एवढी मोठी की तशी पहिल्या वेळी कधी नव्हती.

"अहो, ही झाडं मरतच नाहीत!" पर्किस कुंपणावरून हेस्टरला सांगत होता. "मी सव्हानातल्या त्या इटालियन बाईला विचारलं, तर खो खो हसली. म्हणे आमच्याकडे मुद्दाम तोडतात. तुतीला कितीही कापा, मुळातून येते. ती काय पाइन आहे?"

पाइन. आम्हाला सगळ्यांना पाइनच ठाऊक होता. ओबडायाला, हेस्टरला, लडलो साहेबाला, मला. एक वर्ष. एक वर्ष कुणी हात लावला नसता, पाणी ओतलं नसतं, रडलं नसतं, आणि साहेबाला एवढंच म्हटलं असतं की पुढच्या वसंतात येऊन मोजा. दैव देतं आणि कर्म नेतं असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायला गेले, पण घशाखाली उतरेना.

हेस्टर कुंपणाशी उभी होती. एक धुमारा तिच्या बाजूला वाकला होता. तिने त्याचं पान हातात घेतलं, तोडलं नाही, सोडून दिलं.

त्याच आठवड्यात पिंप घेऊन नावाडी आला. थॉमसिनचा निरोप होता. ती बरी आहे, अंगावर ताप नाही, मालकीण फार टाकून बोलत नाही. आणि एवढंच विचारलं होतं की माझ्या झाडांचं काय झालं.

नावाडी ओट्यावर बसून उत्तराची वाट पाहत होता. मी हेस्टरकडे पाहिलं. साहेबासमोर जे तोंड मिटलं होतं, ते वर्षभराने उघडलं.

"जाळली म्हणून सांग," हेस्टर म्हणाली. "सगळी. राखसुद्धा उरली नाही म्हणावं."

तिच्या मागे, कुंपणापलीकडे, पर्किसची मुलं टोपल्या भरभरून पानं तोडत होती. मी नावाड्याला म्हटलं, "ऐकलंस ना? तसंच सांग."